कानस आणि फाईल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘माझा छंद’ या मालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी या मालेत बोलण्याविषयी आज्ञा केली, तेव्हा आम्ही ती प्रथम नम्रपणे नाकारली होती. या व्यासपीठावरून आपण संगीतावरील, संतवाङ्मयावरील आणि हिमालयातील भ्रमंतीवरील भाषणे ऐकली आहेत. त्या पंक्तीत बसून पाटाखालच्या पेट्रोलच्या इंजिनाविषयी बोलावे, हे आम्हांस काही प्रशस्त वाटेना. परंतु गेल्या गणेशोत्सवात मंडपामागच्या मोकळ्या जागेत आमची पांढरी मोटार आपल्यापैकी अनेकांनी धावताना पाहिली, मुलांनी प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि ‘हे सारे घरी कसे केलेत?’ या प्रश्नाचे उत्तर एकदाच सर्वांना द्यावे, म्हणून आज उभे आहोत.

प्रारंभीच एक कबुली देणे उचित. आम्ही मराठी व इतिहास हे विषय घेऊन बी.ए. झालेले. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढली, ती टिप्पण्या लिहिण्यात आणि नस्ती पुढे ढकलण्यात. स्क्रू उजवीकडे फिरविला की घट्ट होतो, याखेरीज यंत्रशास्त्राचे ज्ञान आमच्यापाशी नव्हते. वस्तुतः असावयास हवे होते. आमचे वडील माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. लालबागच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीत पलंगाखाली त्यांची हत्यारांची पेटी असे. चपटी, अर्धगोल व तिकोनी अशा तीन कानशी, गुण्या, कंपास, हॅक्सॉ, पंच, छिन्नी, हातोडी. दर दसऱ्याला ती बाहेर निघत, पुसली जात, त्यांना तेलाचा हात लागे, झेंडूचे फूल वाहिले जाई आणि पेटी पुन्हा बंद होई. आम्ही हात लावू गेलो की वडील म्हणत, “हे तुझं काम नव्हे. तू शिक. साहेब हो.” आम्ही शिकलो. कारखान्यात कानशीला सारेच ‘फाईल’ म्हणत. वडिलांनी जन्मभर एक फाईल चालविली, आम्ही दुसरी. नाव तेच, परंतु एकीने लोखंड गुळगुळीत होते आणि दुसरीने काय होते, हे आम्ही आजवर निश्चित सांगू शकलेलो नाही.

वडील २००८ साली गेले. पेटी आमच्याबरोबर चार बदल्या हिंडली आणि अखेर दिल्लीस, रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्ये, पुन्हा पलंगाखालीच विसावली.

आता मोटारीकडे वळू. २०२२ च्या उन्हाळ्यात आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जे घडते तेच आमच्याही घरी घडत होते. आम्ही मराठीत विचारावे, त्याने हिंदीत उत्तर द्यावे. मध्यंतरी तीन वर्षे आमची नेमणूक ईशान्येकडे होती आणि कुटुंब दिल्लीत. त्या तीन वर्षांत तो मोठा झाला आणि आम्ही त्याच्या घरी येणारे पाहुणे झालो. जेवताना होय-नाही पलीकडे संभाषण जाईना. एके दिवशी तो खेळण्यातली रेडिओवर चालणारी मोटार उघडून बसला होता. आम्ही सहज म्हणालो, “एवढीशी काय? बनवायची तर मोठी बनवू.” आमच्या बोलण्याला त्याने प्रथमच मान वर करून पाहिले. तोंडातून गेलेला शब्द मागे घेणे मग आम्हांस जमले नाही.

मोठी म्हणजे किती? छांदिष्टांच्या जगात मूळ गाडीच्या एक-पंचमांश आकाराची मोटार ‘मोठी’ समजली जाते. कोणती गाडी घ्यावी याविषयी घरात मतभेद नव्हता. सरकारी नोकराच्या घरात दुसरी कोणती असणार? पांढरी अ‍ॅम्बॅसडर! मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून घडलेली आणि बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत निघत असलेली ही गाडी. तिच्या दोन्ही आसांमधील अंतर २४६४ मिलिमीटर. त्याचा पाचवा हिस्सा ४९३. लांबी सुमारे साडेशहाऐंशी सेंटिमीटर, रुंदी तेहतीस. चिरंजीवांनी लाल दिव्याचीही मागणी केली होती; परंतु १ मे २०१७ पासून तो बंद झाल्याचे नियमावर बोट ठेवून आम्ही दाखवून दिले.

सांगाड्यासाठी चावडी बाजारातून चार मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणला. तो कापावयाचा कशाने, असा प्रश्न पडला, आणि चौदा वर्षांनी पेटी उघडली. हॅक्सॉची दोन पाती आम्ही पहिल्या तासात मोडली. तिसऱ्याच्या वेळी लक्षात आले की, पाते पुढे जाताना कापते, मागे येताना नव्हे. म्हणून जोर पुढे द्यावा, येताना हात हलका ठेवावा. कानशीचेही तसेच. ही गोष्ट वडिलांना हजारदा करताना आम्ही पाहिली होती. परंतु पाहणे निराळे आणि मनगटाला कळणे निराळे. पत्र्याची कड गुण्याला लावून उजेडात धरावी. जिथे फट दिसेल तिथे उरलेली बाजू उंच आहे. तेवढीच घासावी. पुन्हा धरावी. चारही कडा काटकोनात येण्यास आम्हांस तीन रविवार लागले. वडिलांना बहुधा अर्धा तास लागला असता.

इंजिनासाठी कबाड्याकडून गवत कापण्याच्या यंत्राचे जुने दोन-स्ट्रोक इंजिन घेतले. क्षमता २६ घनसेंटिमीटर. त्याचा मोठा गुण असा की त्यात केंद्रोत्सारी क्लच आयताच मिळतो. इंजिन मंद फिरत असता क्लचचे दोन ठोकळे स्प्रिंगने आत ओढलेले असतात. गती वाढली की ते बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या डब्याला पकडतात आणि गाडी निघते. म्हणजे गिअर बदलण्याची कटकट नाही. मात्र हे इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे घेणार. ते थेट चाकाला जोडले तर गाडी निघणारच नाही. आणि निघालीच, तर आपल्या हाती राहणार नाही. म्हणून हिशेब मांडला. ट्रॉलीची पाच इंची रबरी चाके आम्ही घेतली होती. त्यांचा परीघ ४० सेंटिमीटर. ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. त्यासाठी चाकाने १२५० फेरे घ्यावयास हवेत. साडेसात हजार भागिले साडेबाराशे, म्हणजे सहा. ही सहापट घट दोन टप्प्यांत केली. प्रथम १४ दातांवरून २८ दातांवर, मग १४ वरून ४२ वर. दोन गुणिले तीन बरोबर सहा. गणितात नावडता असलेला आमचा मुलगा हे कागदावर मांडून स्वतःशीच हसला, ते आम्ही पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

खरी अडचण पुढे होती. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर काटावे लागते. आमच्या मागच्या दोन चाकांत २७ सेंटिमीटर अंतर होते. नुसता एक काटकोन वळण्यात बाहेरचे चाक ४२ सेंटिमीटर जास्त धावणार. दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसविली, तर एकाने घसटलेच पाहिजे. बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिची चाके आसावर स्वतंत्र फिरतात. तिला ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत मात्र चाकानेच ओढावयाचे असते. खऱ्या गाडीत यासाठी डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी असते. ती घरी बनविणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. दोन महिने काम अडले.

हा पेच सुटला तो बाजाराच्या कोपऱ्यावर सायकल-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे. आमची अडचण ऐकून त्याने उलट्या घातलेल्या एका रिक्षाचे मागचे चाक हाताने फिरविले. आस फिरला, पण दुसरे चाक स्थिर राहिले. रिक्षाच्या दोन मागच्या चाकांपैकी साखळीची शक्ती एकालाच मिळते; दुसरे आसावर मोकळे फिरते. ज्या वाहनातून आम्ही वर्षानुवर्षे भाजी घेऊन घरी आलो, त्यात आमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच बसण्याच्या जागेखाली होते. आम्ही तसेच केले. गाडी वेग घेताना किंचित एका बाजूस ओढते. तेवढे सुकाणूने सांभाळता येते.

पुढच्या चाकांचेही असेच एक शास्त्र आहे. वळणावर दोन्ही चाके सारखी वळून चालत नाही. आमच्या गाडीने एक मीटर त्रिज्येचे वळण घ्यावयाचे, तर आतल्या चाकाने सुमारे ३० अंश वळावे आणि बाहेरच्याने साडेतेवीस. ही युक्ती म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या घडविणाऱ्याने १८१७ साली काढली आणि दुसऱ्या वर्षी इंग्लंडात आकरमान याने तिचे पेटंट घेतले. नाव मात्र आकरमानचेच राहिले. घोडागाडीसाठी शोधलेली ही रचना आज प्रत्येक मोटारीत आहे. करावयाचे इतकेच की, चाकांना वळविणाऱ्या दोन्ही दांड्या थोड्या आत कलवावयाच्या, अशा की त्यांच्या रेषा वाढविल्या तर मागच्या आसाच्या मध्यावर मिळाव्यात. आम्ही बाल्कनीच्या फरशीवर खडूने रेघा मारल्या आणि सुतळी ताणून धरली. सुतळीचे एक टोक चिरंजीवांच्या हाती आणि एक आमच्या.

त्याच संध्याकाळी, खाली मान घालून काम करता करता, तो म्हणाला, “बाबा, आजोबांची कानस द्या. तिकोनी.” मराठीत. याचे कारण साधे आहे. त्या वस्तूचे दुसरे नाव त्याला ठाऊकच नव्हते. कानस, गुण्या, शेगडा, आटे, पाचर हे शब्द त्याने शाळेत किंवा रस्त्यावर ऐकले नव्हते. ते त्याला वस्तूबरोबरच मिळाले. आपण मुलांना भाषा शिकवावी म्हणून वर्ग भरवितो, स्पर्धा घेतो. ते योग्यच आहे. परंतु शब्दाला धरण्यासाठी मूठ असली की तो सुटत नाही, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले.

गाडीचे कवच ही आमच्या सौभाग्यवतींची करणी. अ‍ॅम्बॅसडरची ती गुबगुबीत अंगे पत्रा ठोकून साधणे आम्हांस शक्य नव्हते. सौभाग्यवतींचे माहेर पेणचे. गणपतीचा साचा कसा घेतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. त्यांनी मातीची गाडी घडविली, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढला, साच्याला आतून मेण चोळले, आणि मग त्यात काचतंतूची जाळी रेझिनने दोन थरांत बसविली. ‘गाडीचे नाक गणपतीच्या पोटाहून सोपे आहे,’ असा त्यांचा अभिप्राय पडला. मागच्या स्प्रिंगांसाठी हॅक्सॉच्या लवचीक पात्यांचे दाते घासून ती एकावर एक बांधली. मोडलेली पाती अशी कामास आली.

राहता राहिला रेडिओ. दुरून यंत्र चालविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी नाव लोकांस दाखविली होती. आज २.४ गिगाहर्ट्‌झचे संच मिळतात. आमच्यातील सरकारी नोकर जागा असल्यामुळे प्रथम परवान्याची चौकशी केली. २००५ सालच्या नियमांनी या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिलेली आहे. लजपतराय मार्केटमधून संच आणि दोन सर्व्हो घेतले. सर्व्हो म्हणजे आज्ञेप्रमाणे नेमका तितकाच कोन वळणारी छोटी मोटर. तिला सेकंदाला पन्नास वेळा एक स्पंद मिळतो. तो दीड सहस्रांश सेकंदाचा असेल तर ती मध्यावर राहते. कमी झाला की एकीकडे वळते, वाढला की दुसरीकडे. एक सर्व्हो सुकाणूला, दुसरा पेट्रोलला व ब्रेकला.

आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना आजही आमचा आवाज स्थिर राहत नाही.

जानेवारी २०२४ मधील एका रविवारी सकाळी आम्ही गाडी मैदानावर नेली. ती सुटली, वळली, धावली. आम्ही दोघे शाळकरी मुलांसारखे ओरडलो. चौथ्या फेरीत चिरंजीवांनी वेग वाढविला आणि वळण घेतले. गाडी वळणातून सरळ झाली, आणि मग तिने आमचे ऐकणे सोडले. आज्ञा जाईना. इंजिन पूर्ण वेगात, आणि समोर चेंडू आणावयास धावत आलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेली आणि भिंतीवर आदळून फुटली.

पंधरा किलोची वस्तू ताशी ३० किलोमीटर वेगाने येणे म्हणजे काय, हे आम्ही त्या रात्री हिशेब करून पाहिले. तेलाचा भरलेला मोठा डबा साडेतीन मीटर उंचीवरून, पहिल्या मजल्याच्या सज्जातून, अंगावर पडावा, तेवढा तो आघात. आम्ही ज्याला खेळणे म्हणत होतो ते खेळणे नव्हते. सांगाडा पेटीशेजारी पलंगाखाली सरकविला आणि हा उद्योग संपला असे जाहीर केले. तीन दिवस घरात कोणी बोलले नाही. जुने घर परत आले.

चौथ्या दिवशी चिरंजीव वही घेऊन आले. दोष त्यांनी शोधला होता. सुकाणूचा सर्व्हो आणि रेडिओचा ग्राहक ही दोन्ही चार पेन्सिल सेलच्या एकाच डबीवर चालत होती. वळणावर सर्व्होने जोर घेतला, विद्युत्‌दाब खाली गेला आणि ग्राहकच बंद पडला. संदेश तुटला तर पेट्रोल बंद करावे, अशी सोय त्या ग्राहकात होती. आम्ही ती लावलीही होती. परंतु ग्राहकच मेला तर ती सोय कोण अमलात आणणार? पेट्रोलचा सर्व्हो होता तिथेच राहिला. “मग शक्तीच गेली तर गाडी थांबवायची कुणी?” त्याने विचारले.

तेव्हा आम्हांस पन्नास वर्षांपूर्वीचे एक वाक्य आठवले. गाडीतून जाताना साखळी ओढली की आगगाडी कशी थांबते, हे आम्ही वडिलांना विचारले होते. ते म्हणाले होते, “आगगाडीत ब्रेक लावायला जोर लागत नाही, सोडायला लागतो.” त्या काळी डब्यांखालच्या नळात निर्वात राखून ब्रेक उचलून धरलेले असत. साखळी ओढली, नळ फुटला किंवा डबाच सुटला, तर हवा आत शिरे आणि ब्रेक आपोआप लागत. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे. चालू राहण्यासाठी सारे ठीक असावे लागते. रेल्वेच्या एका फिटरने हे आपल्या मुलाला एका वाक्यात सांगितले होते. तो मुलगा साहेब झाला आणि विसरला.

आम्ही ते नातवाला सांगितले. त्याने आठवडाभरात आजोबांच्या वाक्याची तारजोडणी केली. इंजिनाच्या ठिणगीच्या तारेला एक रिले बसविला. ग्राहक जिवंत आहे आणि संदेश मिळतो आहे, तोवरच तो रिले तार मोकळी धरून ठेवतो. वीज गेली वा संदेश तुटला की तार सांगाड्याला टेकते, ठिणगी बंद, इंजिन बंद. पेट्रोलच्या खटक्याला परत ओढणारी जोरकस स्प्रिंग लावली. सर्व्होंना निराळी बॅटरी दिली. मग चाके विटांवर अधांतरी ठेवून आम्ही पन्नास वेळा रेडिओ बंद केला आणि पन्नासही वेळा इंजिन थांबले. त्यानंतरच, त्याच वर्षी डिसेंबरात, गाडी पुन्हा मैदानावर गेली. तीही भोवती दोर बांधून. त्या लहान मुलालाही आम्ही त्याच्या वडिलांसह बोलाविले होते, आणि घडलेले त्यांना सांगून क्षमा मागितली होती. दोराबाहेर उभा राहून सर्वांत मोठ्याने टाळ्या त्यानेच वाजविल्या.

आज गाडीच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूस एक पुठ्ठा चिकटविलेला आहे. धावण्यापूर्वी पाहावयाच्या पाच गोष्टी चिरंजीवांनी त्यावर आपल्या हाताने, मराठीत, लिहिल्या आहेत. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका आहेत. आम्ही बी.ए.ला मराठी घेतले होते, तरीही त्या सुधारलेल्या नाहीत.

सभ्य स्त्रीपुरुषहो, एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. मंडळाच्या वास्तूत गणपतीच्या आराशीचे सामान ठेवण्याची एक खोली आहे. वर्षातले अकरा महिने ती बंद असते. तिथे एक भक्कम मेज आणि त्यावर एक शेगडा बसवावा आणि रविवारी सकाळी मुलांसाठी ती उघडावी. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा गिरणीत, रेल्वेत, गोदीत, सुतारशाळेत हातांनी काम करीत होते, आणि त्यांनी आपल्याला त्या कामापासून मोठ्या मायेने दूर ठेवले. त्या मायेपोटीच आपण इतक्या दूर येऊन येथे बसलो आहोत. तिची अवहेलना आम्हांस करावयाची नाही. परंतु कुणाच्या पलंगाखाली अशी एखादी पेटी असेल, तर ती त्या खोलीत घेऊन यावी. पहिली पेटी आमची राहील. येत्या दसऱ्याला पूजा झाल्यावर ती आम्ही बंद करणार नाही.